रोटाच्या गव्हाचं वजन

माडीच्या दाराची कडी अजून तीच आहे. घराचं बाकी सगळं बदललं. मातीच्या अर्ध्या धाब्यावर स्लॅब आला, ओट्याला फरशी बसली, न्हाणीत गीझर लागला. पण वरच्या माडीच्या दाराला बाहेरून ती जुनी लोखंडी कडी तशीच लटकतेय. परवा जिना चढून वर गेले तेव्हा पहिला हात तिच्याकडेच गेला. वाजवून पाहिली. आवाजही तोच. हात झटकन मागे घेतला. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, धुळ्याच्या कॉलेजात पंचवीस वर्षं पोरांना केमिस्ट्री शिकवतेय, आणि एका कडीला घाबरते. हसायचं तर हसा.

आमचं गाव एरंडोलच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून जरा आत. मला बोलावलं रूपालीने. माझ्या थोरल्या चुलतभावाची ही सून, मला आत्या म्हणते. फोनवर म्हणाली, "आत्या, माडी साफ करायला काढलीय. तुमच्या वह्या निघाल्यात एक पोतंभर. तागडी पण आहे. कानबाईच्या आधी येऊन बघून जा, काय ठेवायचं, काय फेकायचं." कानबाईच्या आधी असं ती मुद्दाम नाही म्हणाली, पण मला ते लागलं. कानबाई ही आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, रोट हा तिचा प्रसाद, आणि आमच्या घरात लग्न झालेल्या लेकीला रोटाचा घास देत नाहीत. कानबाई बसायच्या आत लेकीने यावं आणि आपल्या घरी जावं.

माडीत पाय टाकला आणि सरकीचा वास आला. आता कपाशी वर ठेवत नाहीत, थेट जिनिंगला जाते, तरी पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीचा तो तेलकट, उबट वास भिंतींनी धरून ठेवलाय. कोपऱ्यात तीच पितळी पारड्यांची तागडी. माझ्या आजोबांचं कधीकाळी किराणा दुकान होतं, ते बंद पडलं तेव्हा तागडी, वजनं आणि दोन रिकामे डबे माडीवर आले आणि तिथेच राहिले. समोर तो वीतभर झरोका. त्यातून लिंबाची एक फांदी दिसते आणि फांदीखालून रस्त्याचा एक तुकडा. त्या तुकड्यावरून सकाळी सव्वासातला जळगावची एसटी जायची. तीन सेकंद दिसायची, मोजून. बारावीच्या वर्षातला आषाढ आणि अर्धा श्रावण मी ते तीन सेकंद बघत काढला.

का, ते लांबण लावून सांगण्यासारखं नाही. वर्गातल्या एका मुलाचं लॉग टेबल मी दोन दिवसांसाठी आणलं होतं. लॉग टेबल म्हणजे मोठमोठे गुणाकार सोपे करणाऱ्या आकड्यांचं पातळ पुस्तक, दुसरं काही नाही. त्यावर त्या मुलाचं नाव होतं. ते आबांच्या हाती लागलं. आबा म्हणजे माझे थोरले काका, रूपालीचे आजेसासरे, घराचे कर्ते. त्यांनी ते पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, आतले आकडे पाहिले, आणि चुलीत घातलं. मग माझ्या वडिलांना, नानांना, ओट्यावर बसवून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. दिवाळीनंतर उरकी टाकू. चोपड्याकडलं एक स्थळ शे." नानांनी आबांपुढे उभ्या जन्मात मान वर केली नाही, ते त्या दिवशी कुठून करणार? आई चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करत राहिली. जाळ चांगला पेटलेला होता.

माझ्या चपला काढून घेतल्या आणि मला माडी दिली. बाहेरून कडी. ती घालायचं काम मोठी मायकडे. मोठी माय म्हणजे आबांची बायको. अंगठाबहाद्दर, उंच, हाडापेराने मोठी, बोलणं कमी. सकाळ-संध्याकाळ बायकांबरोबर परसाकडे जाताना ती मला मध्ये घालून न्यायची आणि आणून सोडायची. कडी घालताना एकदाच म्हणाली होती, "मना हातमा काय शे व माय." माझ्या हातात काय आहे गं बाई. आणि त्याच हाताने कडी घातली. मला तिचा इतका राग यायचा की तिने आणलेली भाकरी मी आधी मोडून ठेवायची, मग ती गेल्यावर खायची.

माझं केमिस्ट्रीचं पुस्तक मात्र त्यांनी ठेवलं. पुस्तक इंग्रजीत होतं, त्यात कोणाचं नाव नव्हतं.

जळगावच्या कॉलेजात केमिस्ट्रीला जे सर होते ते केळीच्या मुलखातले. मोल शिकवताना त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "केळीची वॅगन भरताना केळी मोजतो का रे कोणी?" पोरं हसली. "नाही ना? वजन करतो. एका केळाचं सरासरी वजन ठाऊक असलं की भाग द्यायचा, किती केळी ते कळतं. रेणूचंही तेच. तो दिसत नाही, हातात येत नाही. मग मोजायचा कसा? तर वजन करायचं. अठरा ग्रॅम पाणी घ्या, त्यात एक मोल रेणू. एक मोल म्हणजे सहावर तेवीस शून्यं, वर थोडे." दहावीपर्यंत आम्ही ग्रॅम-रेणू म्हणायचो, ते मराठी नाव मागे पडलं होतं आणि इंग्रजी अजून जिभेवर बसत नव्हतं. त्यामुळे अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून गेलं. मला मात्र त्या तासाला अंगावर काटा आला. दिसत नाही त्याचा हिशोब लागतो, ही गोष्ट मला फार आवडली होती.

माडीत मला करायला तेवढंच होतं. गणितं. लॉग टेबल नाही म्हणून सगळे गुणाकार हाताने, जुन्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर. पुस्तकातली संपली तेव्हा माझी मीच घातली. धाब्यातून एक थेंब गळायचा, टप टप, त्याखाली मी वाटी ठेवली होती. वीस थेंबांचा एक ग्रॅम धरला. म्हणजे एका थेंबात रेणू किती? एक पूर्णांक सदुसष्ट गुणिले दहाचा एकविसावा घात. मग माडी मोजली, वितीने. दहा फूट बाय बारा, उंची सात. आत हवा किती? चोवीस हजार लिटरच्या आसपास. भागिले बावीस पूर्णांक चार. हजार बासष्ट मोल. एवढे रेणू माझ्याबरोबर कडीच्या आत होते आणि त्यांच्यातले करोडो दर क्षणाला दाराच्या फटीतून बाहेर जात होते, लिंबाखालून रस्त्यावर, रस्त्यावरून कुठेही. मी तेवढी एक जात नव्हते. ते गणित सुटलं त्या दुपारी मी खूप रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग एका दुपारी खाली सरांचा आवाज आला. मला वाटलं, भास. जमिनीला कान लावला. माडीच्या फळ्यांमधून ओट्यावरचं बोलणं वर यायचं. सर एसटीने आले होते, आमच्या आडगावात, चिखल तुडवत.

"आबासाहेब, पोरगी हुशार आहे. वर्गात पहिली आहे. असं बारावीत घरी बसवू नका."

"सर, तुम्ही सांगतास ते बठ्ठं खरं शे," आबा म्हणाले. पाहुण्यांपुढे त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "चहा घ्या. पोरीचं आम्ही बघितलंय. आता शिकून काय कलेक्टर होणार शे का?"

"हजेरी शून्य आहे तिची. कानबाई सोमवारी उठते ना? मंगळवारी हजेरीचा पट वर बोर्डाकडे जातो. तोवर आली नाही तर नाव कापावं लागेल. मग यंदाची परीक्षा नाही. माझ्या हातात काही राहणार नाही."

"मंग कापा," आबा म्हणाले.

बशी ठेवल्याचा आवाज आला. सरांनी चहा घेतला की नाही ते मला वरून कळलं नाही. मोठी माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हे तिच्या पाटल्यांच्या आवाजावरून कळलं. चहा देऊन ती आत गेली नव्हती. सर गेले तेव्हा मी झरोक्याशी धावले, पण एसटी निघून गेली होती आणि ते चालतच एरंडोलच्या बाजूला जाताना दिसले. डोक्यावर रुमाल होता.

आठ दिवसांनी कानबाई. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोरलं, साडी. पण खरी गडबड तिच्या आधीची, रोटाची. रोट म्हणजे देवीच्या नावाचा स्वयंपाक. त्याच्या गव्हाचं माप ठरलेलं: घरात पुरुष जेवढे, तेवढ्या सव्वा मुठी. एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याची सव्वा मूठ फडक्यात टाकायची. पाळण्यातलं पोर असो की सुरतेला कामाला गेलेला दादा असो, नाव घेतलं की मूठ पडते. आधी पूर्ण मूठ, मग वर पाव. नुसती मूठ म्हणजे संपलं, वरचा पाव म्हणजे वाढ, असं मोठी माय सांगायची. मग दळायच्या वेळी त्यात लागतील तेवढे बाकीचे गहू मिसळायचे. आमच्या घरात तेव्हा अकरा नावं होती. आबा, नाना, भाऊकाका आणि खालची आठ पोरं, माझा भाऊ धरून. बायकांची मूठ नसते. मी ते लहानपणापासून बघत आले होते आणि मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. पाणी खाली वाहतं, तसं ते होतं.

गहू निवडायचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं, कारण मी आयती सापडले होते. मोठी माय सूप आणि पोतं घेऊन वर आली. मी तागडी पुसून ठेवली होती आणि गव्हाचे दाणे मोजत होते. पाच ग्रॅमला सव्वाशे दाणे.

"काय करी ऱ्हायनी व पोरी?"

"मोजतेय."

"दाना मोजस? येडी जायनी का?" वेड लागलं का तुला.

मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी म्हणाले, "मोठी माय, तुझी मूठ दे ना. रोटाला घेतेस तशी. सव्वा. दहा वेळा." कितीतरी दिवसांनी मी तिच्याशी सरळ बोलले होते. तिने पदर खोचला. मग खाली बसली, पोत्यात हात घातला आणि दहा वेळा सव्वा मूठ पारड्यात टाकली. प्रत्येक मुठीला वरचे दाणे झटकायची तिची एक लकब होती, अंगठा फिरवून. दहा मिळून सहाशे वीस ग्रॅम भरले.

"म्हणजे तुझी एक सव्वा मूठ बासष्ट ग्रॅम," मी म्हणाले. "साडेपंधराशे दाणे. आता तू मला न दाखवता कितीही मुठी टाक. मी नुसतं वजन करून सांगेन किती नावं घेतलीस."

"आणि एखादी मूठ कमीजास्त पडनी तं?"

अहो, आमच्या अख्ख्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता! मी तिला सांगितलं, एखादी पडणारच. पण एक कमी पडते, दुसरी जास्त, आणि ढीग मोठा झाला की सगळं बुजतं. एकेकटीवर विश्वास ठेवायचा नाही, ढिगावर ठेवायचा. मग सरांची केळी सांगितली, पाण्याचा थेंब सांगितला, रेणू सांगितले. मी भडाभडा बोलत होते, महिनाभर तोंडाला कुलूप होतं माझ्या. ती पाय पसरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जे डोयाले दखास नही, ते बी मोजाई जास?" जे डोळ्याला दिसत नाही, तेही मोजता येतं?

"येतं. वजन केलं की येतं."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. कडी घातल्याचा आवाज आला.

शनिवारी सकाळी खाली रोटाची मापं झाली. आबा शेजारी बसलेले. मोठी मायचा आवाज माडीपर्यंत स्पष्ट येत होता, एकेक नाव, सावकाश. मीही बोटं दुमडत गेले. अकरा. मग तिने फडक्याला गाठ मारली असणार. दर वर्षी ते गाठोडं कानबाईच्या चौरंगापाशी ठेवायचे. त्या वर्षी ती ते वर घेऊन आली. म्हणाली, खाली पोरं शिवाशीव करतात, इथे राहू दे दळायला जाईपर्यंत. आणि ते तिने नेमकं तागडीच्या पारड्यात ठेवलं. जमीन मोकळी होती, डबे रिकामे होते, खुंटी होती. ती गेल्यावर मी त्याच्यासमोर मांडी घालून बसले. देवीचे दाणे, हात लावायचा की नाही?

लावला. तसंच दुसरं फडकं दुसऱ्या पारड्यात टाकलं, म्हणजे कापडाचं वजन गेलं. मग वजनं. अकरा गुणिले बासष्ट, सहाशे ब्याऐंशी यायला हवं होतं. सातशेला गाठोडं हललं नाही. वीस टाकले, नाही. दहा, दहा, मग पाच. काटा सरळ उभा राहिला. सातशे पंचेचाळीस.

मी पुन्हा केलं. पारडी बदलून केलं. भागाकार मोठ्या अक्षरात मांडला. बारा. वर एक ग्रॅम, तो मुठीच्या चुकीचा. मला वाटलं, मोठी माय चुकली. पण ती रोटाच्या मापात चुकायची नाही. पाळण्यातलं पोर असतं तरी तिने नाव घेतलं असतं. घरात कोणी बाई पोटुशी नव्हती, नाहीतर पोटातल्याचीही मूठ काढली म्हटलं असतं. अकरा नावं मोठ्याने आणि एक मूठ मुकाट्याने. आबा शेजारी बसलेले असताना! मी हिशोब मागून पुढून केला आणि वही मिटून ठेवली, कारण त्या घरात मोजायचं राहिलेलं आणि त्या घडीला माडीत बसलेलं माणूस एकच होतं.

संध्याकाळी ती गाठोडं न्यायला आली.

"मोठी माय, हे अकरा नाहीत."

ती माझ्याकडे न बघता गाठ घट्ट करत म्हणाली, "तुन्हा सरनी शिकाडं ना? मंग तूच तोल." आणि गेली.

कोणाची मूठ, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर देवीच्या दाण्यांवर तिला एक तर खरं बोलावं लागलं असतं नाहीतर खोटं, आणि खाली आबा होते.

रविवारी आरतीला मला खाली आणलं. कापूर, कण्हेरीची फुलं, ओल्या नारळाचा वास, तेलात परतलेल्या गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खापरावर भाजलेले मांडे. पंगतीत मी मांडा खाल्ला. त्या पिठात माझे साडेपंधराशे दाणे होते, आणि हे त्या गर्दीत दोघींनाच माहीत होतं. ती वाढत माझ्यापाशी आली, अर्धा मांडा जास्त टाकला, पुढे गेली. बायका म्हणाल्या, "खाई ले पोरी, पुढला साल तुले रोट नही." पुढच्या वर्षी मी सासरी असणार होते ना. सगळ्या हसल्या. मीही हसले.

सोमवारी सकाळी कानबाई उठली, विसर्जनाला निघाली. आधी मला वर नेऊन सोडलं. मोठी मायने दार लोटलं. मी नेहमीप्रमाणे आवाजाची वाट बघत उभी राहिले. लोखंडावर लोखंड, एक खट्ट. खाली डफ वाजायला लागला, बायकांनी गाणी धरली, कोणीतरी गुलाल मागत होतं. खट्ट झालं नाही. तिची पावलं जिन्यावरून उतरली. अंगणातून आबांचा आवाज आला, चला, चला. मिरवणूक नदीच्या बाजूला वळली. झरोक्यातून मला फक्त मोठी मायचं डोकं दिसलं, त्यावरचा पाट, पाटावरची देवी. ती मागे वळली नाही. डोक्यावर देवी असताना वळता येत नाही.

दार ढकललं तर उघडलं. पहिल्या पायरीवर माझ्या चपला होत्या, धुऊन पुसून, जोडीने. एसटीचा तीन महिन्यांचा पास माझ्या कंपासपेटीत महिनाभर पडून होता. सव्वासात व्हायला किती वेळ होता ते मी बघितलंच नाही. मी धावले.

जळगावला माझ्या एका आत्याकडे राहिले. मंगळवारी पटावर नाव होतं. पुढची वर्षं कशी काढली ते वेगळं पुराण आहे, इथे नको. आबांनी निरोप धाडला, त्या दारातून गेली ती गेली, आता तिचं तोंड दाखवू नका. दाखवलं नाही कोणी. आई चोरून यायची. मोठी मायचं काय झालं, तिला कोण काय बोललं, हे मला कोणीच धड सांगितलं नाही. "कडी घालानी भूल पडी गई," एवढंच ती म्हणत राहिली म्हणे. विसरले. बस्स. ती गेली तेव्हा मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर राखही नदीला गेली होती. आबा तिच्यानंतर दहा वर्षं जगले, आणि ते गेल्यावर मला या घराचं दार उघडलं.

लोक म्हणतात, सुटलीस बाई तू. सुटले खरी. पण अजून वर्गाचं दार मी लावू देत नाही, पंखा चालू असो की पाऊस आत येत असो. पोरं कुरकुरतात. दर वर्षी अकरावीला मोल शिकवायची वेळ आली की मी केळी सांगते, थेंब सांगते, आणि गव्हाच्या मुठीपाशी येऊन गप्प होते. ती मूठ खरंच माझी होती का? की मी सतराव्या वर्षी माडीत बसून, वेड लागायच्या बेतात, एका बाईच्या चुकीला स्वतःचं नाव देऊन टाकलं? कडी तरी ती खरंच विसरली नसेल कशावरून? एकाच मापावर विश्वास ठेवू नका, हे मीच पोरांना शिकवते. आणि माझ्याजवळ तेवढं एकच माप होतं.

परवा मी वह्यांचं पोतं उपसत होते तेव्हा रूपाली वर आली. हातात पांढरं गाठोडं. शनिवार होता. तिने ते तागडीच्या पारड्यात ठेवलं.

"हे इथे का गं?" मी विचारलं. हातातली वही मी खाली ठेवली.

"रोटाचे गहू आहेत आत्या. माडीत तागडीवरच ठेवायचे असतात. आपल्याकडची रीत आहे. म्हणून तर तागडी फेकायची का म्हणून तुम्हाला विचारणार होते, सासूबाई नको म्हणतात."

"किती नावं आहेत यंदा?"

"नऊ." मग ती जरा हसली. "म्हणजे नऊ नावं, दहा मुठी. आपल्याकडे एक मूठ वर टाकतात. नाव न घेता."

"कोणाची?"

"ते माहीत नाही हो. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं. घरातलं एक माणूस बाहेरगावी आहे, त्याची मूठ चुकवायची नाही, आणि नाव विचारायचं नाही. मी लग्न होऊन आल्यापासून टाकतेय. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, त्यांनाही ठाऊक नाही. देवाचं काहीतरी असेल."

मी खाली बसले. सरकीच्या वासात, फळ्यांवर, जिथे कान लावून सरांचं बोलणं ऐकलं होतं तिथे. पस्तीस-छत्तीस श्रावण. नावं अकराची तेरा झाली असतील, तेराची नऊ झाली. कोणी मेलं, कोणी वेगळं निघालं. ती एक मूठ दर वर्षी पडत राहिली, आबांच्या शेजारी बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि मी तिकडे धुळ्यात बसून हिशोब घालत होते की चूक होती की काय! अगं मोठी माय, एकदा तरी निरोप द्यायचा गं. मी हे बहुधा मोठ्याने बोलले, कारण रूपाली घाबरून माझ्याजवळ आली.

"काय झालं आत्या? बरं वाटत नाही का?"

"गाठ सोड," मी म्हणाले.

"आत्या, रोटाचे आहेत..."

"सोड गं. तुझ्या दहा मुठींतली एक काढून ठेव. ती मी टाकते."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं तिला कोणास ठाऊक. गाठ सोडली, सव्वा मूठ मोजून बाजूला काढली. मी ती हातात घेतली. माझा हात मोठी मायपेक्षा लहान आहे, दाणे बोटांतून निसटत होते. आधी पूर्ण मूठ टाकली. मग वरचा पाव. अंगठा फिरवून.

आणि टाकताना मी माझं नाव घेतलं. माहेरचं, वडिलांच्या नावासकट. खाली ओट्यावर पुरुष माणसं बसली होती, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.